हंताच्या बेटावर कोण कोण आलं

चि. अर्णव आणि चि. इरा,

रविवारी फोनवर अर्णवने विचारलं, "आजी, हू डिस्कव्हर्ड मादागास्कर?" उत्तर त्याच्याकडे होतंच. शाळेच्या पुस्तकात छापलेलं आहे: एक पोर्तुगीज जहाज वादळात वाट चुकलं आणि त्या बेटाला लागलं. अर्णवला फक्त आजीला येतं का ते बघायचं होतं. मी म्हटलं, "लिहून कळवते." त्यावर इरा मागून ओरडली, "आजी, एका ओळीत!"

एका ओळीत लिहिता आलं असतं, पण मग हंता राहून गेली असती. मराठी वाचायला अडलं तर बाबाकडून वाचून घ्या. अर्णवने नकाशा उघडून बसावं. इराने भात आवडत नसला तरी शेवटपर्यंत ऐकावं, कारण यात भात फार आहे.

सौदी अरेबियात, यान्बूला, तुमचे आजोबा रिफायनरीत होते. आमच्या कॉलनीतली घरं जोडीजोडीने, मध्ये एकच भिंत. शेजारच्या घरात नवीन बिऱ्हाड आलं त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी बारा-साडेबाराला भात करपल्याचा वास आला. मी हातातलं काम टाकून धावले आणि त्यांची बेल वाजवली. दार उघडलं ते एका ठेंगण्या बाईने. डोळे मणिपूरच्या बाईचे असावेत तसे, केस मात्र दाट कुरळे, रंग आपल्यासारखा. ही कुठली असावी याचा अंदाज बांधत मी हिंदीत म्हटलं, "आपका चावल जल रहा है."

माझ्या हिंदीवरून मी कुठली ते तिला कळलं असावं. ती स्वच्छ रत्नागिरीच्या मराठीत म्हणाली, "जळू दे वो ताई. जळायलाच ठेवलंय. तुमी आत या."

मी आत गेले. तिने वरचा पांढरा भात काढून घेतला, तळाला चिकटलेला तपकिरी थर तसाच ठेवला, त्यावर पाणी ओतलं आणि उकळी येऊ दिली. मग ते पाणी गाळून स्टीलच्या पेल्यात माझ्यासमोर ठेवलं. भाजक्या धान्याचा वास आणि थोडी कडसर चव. "जेवणावर आमी हेच पितो," ती म्हणाली. "माझ्या सासूला वाटला, सून भात करपवतं. एक वर्ष रोज ओरडलं. मग एक दिवस हळूच पिऊन बघितलं."

"मग?"

"मग ते पण करपवायला लागलं."

तिच्या बोलण्यात सगळं जग नपुंसकलिंगी होतं. नवरा आलं, सासू ओरडलं, राजा मेलं. तिच्या स्वतःच्या भाषेत पुल्लिंग-स्त्रीलिंग ही भानगडच नाही, त्यामुळे मराठीतलीही तिने घेतली नव्हती. मी एकदा सुधारायला गेले, तर म्हणाली, "ताई, ते चुकीचा हाय ठावकं हाय. पण तुमाला समजला ना?"

तिचे यजमान इक्बालभाई रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे. पूर्वी जहाजावर इंजिनीअर होते. मादागास्करच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात त्यांचं जहाज बिघडून बरेच महिने अडकलं. जहाजाच्या एजंटच्या कचेरीत हंता काम करायची. इंजिन दुरुस्त झालं तोवर यांचं लग्न ठरलेलं होतं. निकाहात तिचं नाव बदललं, पण सासूपासून सगळे तिला हंताच म्हणत. मराठी ती सासूकडून, खातूनबींकडून, चुलीपुढे शिकली. पुढे इक्बालभाईंना यान्बू बंदरात टगबोटीवर नोकरी मिळाली आणि ही मंडळी आमच्या शेजारी आली.

हंता नववधू म्हणून रत्नागिरीला गेली तेव्हाची हकिगत इक्बालभाई नेहमी सांगायचे. खाडीच्या काठावर उतरल्या उतरल्या ती बुरखा सावरत चिखलातून पळत सुटली आणि एका होडीला मिठी मारून बसली. कोकणातल्या छोट्या होड्यांना एका बाजूला लाकूड बांधलेलं असतं. ते पाण्यावर तरंगतं आणि होडी कलंडू देत नाही. त्याला उलांडी म्हणतात. "अम्मी घाबरली," इक्बालभाई सांगायचे, "म्हणाली, अरे ही कसली बायको आणलीस, नवऱ्याच्या आधी होडीला भेटते!" हंता मात्र होडी सोडीना. ती सारखी काय म्हणतेय ते इक्बालभाईंनी आईला सांगितलं: "ही आमची होडी." खातूनबी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आमची होडी तुझी कशी झाली गं?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला हंता पुढे कधीही तयार असायची. पण ती इतिहास सांगायची तिच्या पद्धतीने, ओट्यापाशी. पोळपाट म्हणजे आफ्रिका. त्याच्या उजव्या हाताला लाटणं उभं ठेवायचं, ते तिचं बेट. आणि लांब खोलीच्या दुसऱ्या टोकाला वॉशिंग मशीन, ते बोर्निओ. मग वाटीभर तांदूळ घेऊन ती वॉशिंग मशीनपासून निघायची आणि अख्खं स्वयंपाकघर ओलांडून लाटण्यापाशी यायची.

"हे पहिलं आलं," ती वाटी ठेवून म्हणायची. "पूर्वेकडनं. उलांडीची होडी घेऊन. भात घेऊन आलं, केळं घेऊन आलं, अळू घेऊन आलं."

"एवढ्या लांब? होडीतून?" मी विचारलं. "कशाला पण?"

"ते कोणी सांगत नाय." मग माझ्याकडे बघून, "तुमी यान्बूला कशाला आलात?"

त्यानंतर पोळपाटावरून माणसं यायची. ती गुरं घेऊन आली, वशिंडवाली. ती आणि भातवाली एकमेकांत मिसळली. "म्हणून माझा डोळा तिकडचा आन् केस इकडचा," ती स्वतःचे कुरळे केस ओढून दाखवायची. मग अरब आले, गलबतं घेऊन. त्यांनी अक्षरं दिली आणि चांगला दिवस, वाईट दिवस काढायची विद्या दिली. मग पोर्तुगीज. त्यांच्यासाठी ती हात झटकायची. "ते आलं, बघितलं, भांडलं, गेलं. ते आलं तवा आमी भात खात होतो." मग समुद्री चाचे. "ते बरं होतं. लग्न करून ऱ्हायलं."

मग बेटावरच्या डोंगरांवर राजे झाले. त्यातल्या एका राजाने सगळं बेट एक करायचं मनावर घेतलं. हंता सांगायची की त्याला वाटायचं, आपल्या भातखाचराचा बांध म्हणजे समुद्र. ती कोकणात राहिलेली, त्यामुळे बांध हा शब्द उच्चारताना हाताने चिखल थोपटून दाखवायची. नंतर एका राणीने परक्यांना दारं बंद केली. आणि सगळ्यात शेवटी फ्रेंच आले, तोफा घेऊन. शेवटच्या राणीला जहाजात बसवून परमुलखात नेऊन ठेवलं. इथे हंताचा आवाज उतरायचा. "बाकीचं सगळं जेवायला आलं ना ताई, जेवलं, काय गेलं, काय ऱ्हायलं. हे जेवायला आलं आणि स्वयंपाकघराला कुलूप लावून बसलं."

"किती वर्षं?"

"नेनीबे जन्मलं तवा कुलूप होता. नेनीबेचं लग्न झालं, पोरं झालं, मग उघडला."

हंताची वर्षं मोजायची रीत हीच होती. नेनीबे म्हणजे आजी. हंताची आई लवकर वारली आणि या आजीने तिला वाढवलं, डोंगरातल्या भातशेतीच्या गावात. करपलेल्या भाताचं पाणी, पोळपाटाविना सांगितलेला हा सगळा इतिहास, सगळं नेनीबेचं. कोरोनाच्या टाळेबंदीत विमानं बंद असताना नेनीबे गेली. हंताने तिचं जाणं फोनच्या पडद्यावर पाहिलं. त्याआधी शेवटचं बोलणं झालं तेव्हा म्हातारीने एवढंच विचारलं होतं, "पोरीला कधी आणतेस?"

पोर म्हणजे समीरा. तेव्हा इराएवढी. इंडियन स्कूलमध्ये शिकायची. आई मराठीत बोलली तर ही इंग्रजीत उत्तर द्यायची, बाप हिंदीत बोलला तरी इंग्रजीतच. वर्गातली मुलं तिला, आईच्या बेटावरच्या माकडासारख्या प्राण्यावरून, लेमूर म्हणून चिडवायची. तिने ओळख सांगायचा एक सोपा मार्ग काढला होता. कोणी विचारलं की "आय ॲम फ्रॉम रत्नागिरी." तिच्या पुस्तकातही अर्णवच्या पुस्तकातलंच वाक्य होतं. हंताने ते वाचून हसत विचारलं, "शोधला म्हंजे? हरवलेला होता?" तर समीरा म्हणाली, "मम्मी, प्लीज. परीक्षेत हेच लिहायचं असतं."

अशात एका वसंतात हंताच्या मामाचा फोन आला. येत्या जुलै-ऑगस्टमध्ये घराण्याची कबर उघडायची ठरली आहे.

आता नीट वाचा, दचकू नका. हंताच्या लोकांत रीत अशी, की काही वर्षांनी एकदा, कोरड्या थंडीच्या दिवसांत, म्हणजे तिकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये, घराण्याची कबर उघडून आपल्या माणसांना बाहेर आणायचं. आधीच्या कापडावरूनच नवं रेशमी कापड गुंडाळायचं. बँड वाजतो, लोक नाचतात. मग घरातल्या मुलाबाळांनी त्या माणसाला मांडीवर घेऊन बसायचं आणि मधल्या काळात काय काय झालं ते सांगायचं. मोठी माणसं बाजूला बसून सांगतात, ही कोण, कुठून आली, कोणाची आई. कापडावर नाव लिहितात, कारण नाव लिहिणारं कोणी उरलं नाही की ते माणूस नुसतं गाठोडं होतं. मग सगळ्यांना परत ठेवून कबर बंद करतात.

नेनीबेची ही पहिलीच खेप. तिला कापड घालायला हंताने यावं आणि मांडीवर घ्यायला समीराने, असं मामाचं म्हणणं.

समीराने ऐकलं आणि ताट सारून उठली. "दॅट्स हॉरिबल! मी येणार नाही. आपण दादीकडे जातो ना सुट्टीत, तिकडेच जाऊ."

इक्बालभाई पाच वेळा नमाज पढणारे. कबर उघडायची ही कल्पनाच त्यांना पेलत नव्हती. ते बराच वेळ चहाचा कप फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "हंता, मी तुला अडवणार नाही. ती तुझी आजी. पण पोरीवर जबरदस्ती नको. ती हो म्हणाली तर दोघी जा, मी एक्झिट-रीएन्ट्री व्हिसा काढतो."

"आन् नाय म्हणालं तर?"

"तर तू एकटी जा."

"एकटं कसं जाऊ?" हंता म्हणाली. "नेनीबेने विचारलं, पोर कुठाय, तर काय सांगू?"

त्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. मी शाळेची लायब्ररी सांभाळायचे, त्यामुळे पोरं माझं ऐकतात असा तिचा समज. "ताई, तुमी सांगा तिला." मी म्हटलं, सांगून होण्यासारखं असतं तर तुझं ऐकलं नसतं का? संध्याकाळी कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, फिरायला गेलो. तिथे सगळे लोक खुर्च्या टाकून सूर्यास्ताकडे तोंड करून बसतात. हंता मात्र नेहमी खुर्ची डावीकडे वळवून बसायची, दक्षिणेकडे. त्या दिवशीही तशीच बसली.

पुढे जे घडलं ते कोणी ठरवलेलं नव्हतं. समीरा सायकलवरून पडली आणि गुडघा फुटला. इक्बालभाई ड्यूटीवर समुद्रात. हंताने गाडी काढली, मी मागे समीराला धरून बसले. दवाखान्यात डॉक्टर टाके घालत होते आणि नर्स समीराचा पाय घट्ट धरून उभी होती. नर्स जावाची, बोर्निओच्या शेजारच्या बेटाची, नाव सिती. समीरा किंचाळत होती. सिती तिला धीर द्यायला म्हणून, पण खरं तर सवयीने, प्रत्येक टाक्याबरोबर तोंडातल्या तोंडात मोजत होती: "...तेलू, पापात, लिमो, नम, पितू..."

समीरा एकदम गप्प झाली. "मम्मी! शी इज काउंटिंग तुझं!"

हंता पुढे आली. "तेलू, एफात्र, दिमी, एनिन, फितू," तिने बोटं दुमडत म्हटलं. सितीने वर पाहिलं. मग जे सुरू झालं ते काय सांगू! दोघींना एकमेकींशी बोलायला मोडकी अरबी तेवढी सामाईक. पण सितीने आभाळाकडे बोट केलं: लांगित. हंता: लानित्र. चंद्र: बुलान. वुलान. दगड: बातू. वातू. शेवटी सितीने समीराच्या डोक्यावर हात ठेवला: आनाक. हंताने तिच्याच हातावर हात ठेवला: झानाक. दोन्हीचा अर्थ मूल.

डॉक्टर सुई धरून ताटकळले होते. "यल्ला, सिस्टर, चला, यल्ला! पाय धरा आधी!" ते ओरडले. समीरा म्हणाली, "वन मिनिट, डॉक्टर. आईला काय म्हणतात?" हीच मुलगी पाच मिनिटांपूर्वी दवाखाना डोक्यावर घेत होती.

सितीला मादागास्कर कुठे आहे ते माहीत नव्हतं. पट्टी बांधताना तिने विचारलं, "तुम्ही लोक आमच्याकडून गेलात कधी?"

"भात घेऊन गेलो तवा," हंता म्हणाली.

परत येताना गाडीत प्रश्न सुरू झाले. होडीत किती माणसं होती? बायका होत्या का? परत का गेली नाहीत? वाटेत प्यायचं पाणी कसं पुरलं? हंताला जेवढं ठाऊक तेवढं तिने सांगितलं, बाकी "ते कोणी सांगत नाय." घरी आल्यावर समीरा लंगडत स्वतः वॉशिंग मशीनपर्यंत गेली आणि लाटण्यापर्यंत चालत आली. मध्येच थांबून म्हणाली, "अँड दादीज बोट? उलांडी? ती पण यांचीच?"

"कोणाला ठावं," हंता म्हणाली. "नेनीबेला विचार."

"शी इज डेड, मम्मी."

"म्हणून तर ते घरीच असतं. कुठं जात नाय."

समीरा तरीही हो म्हणाली नाही. पण पुढच्या शुक्रवारी खातूनबींचा रत्नागिरीहून फोन आला तेव्हा ती फोनला चिकटली. मी तिथेच होते, भाजी निवडत. दादीने विचारलं, सुट्टीत कधी येतेस. समीराला मराठीत एवढं सगळं सांगायचं म्हणजे संकटच. तिने जुळवाजुळव केली: "दादी, मम्मीची आजी आहे ना, मेलेली. तिच्यावर नवीन चादर घालायची आहे. सगळे लोक येणार. बँड पण. मम्मी जाणार. मी... माहीत नाही."

मग खातूनबी म्हणाल्या, "चादर? बँड? मोठं काम दिसतंय."

पंधरवड्याने रत्नागिरीहून यान्बूला परतणाऱ्या एका वेल्डरबरोबर पार्सल आलं. आत हिरवी मखमली चादर, चारी बाजूंनी सोनेरी झालर, गुलाबाच्या अत्तराची बाटली आणि निरोप: हंताची आजी एवढी मोठी वली होती हे इतकी वर्षं आम्हाला कोणी सांगितलं नाही. उरूस चांगला होऊ दे. आमच्यातर्फे ही चादर चढवा.

खातूनबी दर वर्षी गावच्या दर्ग्यावर, वलीच्या म्हणजे संताच्या कबरीवर, चादर घेऊन जाणाऱ्या. नातीच्या बोलण्याचा त्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे सरळ अर्थ लावला होता.

इक्बालभाईंनी कपाळाला हात लावला. "अम्मीला खरं सांगायला पाहिजे."

"तू सांगतंस?" हंताने विचारलं.

इक्बालभाई चादरीची घडी घालू लागले. हंतानेच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. लपवाछपवी तिला जमत नसे. नेनीबे वली नव्हतं, भात लावणारं साधं म्हातारं होतं, तिने सांगितलं. कबर उघडणार, कापड गुंडाळणार, मांडीवर घेणार, सगळं सांगितलं. इक्बालभाई उठून खिडकीशी गेले. समीरा आईच्या दंडाला धरून उभी होती.

मग खातूनबींचा आवाज आला. "तिथली माती ओली असते का गं?"

"नाय. डोंगर हाय. कोरडा असतं."

"मग टिकेल चादर. आमच्यात असं करत नाहीत, हंता. मी करा म्हणणार नाही. पण तुला वाढवलीन ना तिने? तिला सांग, रत्नागिरीच्या विहिणीने धाडलीय. भेट झाली नाय, ती राहिली म्हणून."

फोन ठेवल्यावर इक्बालभाई वळले. डोळे पुसायला त्यांना रुमाल सापडत नव्हता. त्यांनी लेकीला विचारलं, "मग? तिकीट एक काढू की दोन?"

समीरा चादरीची झालर बोटाला गुंडाळत होती. "दादीची चादर कोण नेणार?" ती म्हणाली. "मम्मी तर सगळं विमानात विसरते."

त्याच उन्हाळ्यात आम्ही यान्बू कायमचं सोडलं, म्हणून त्यांना पोचवायला विमानतळावर गेले तेच माझं हंताला शेवटचं पाहणं. अर्णव, तुझं उत्तर एव्हाना तुला सापडलं असेल. परीक्षेत काय लिहायचं ते तू ठरव.

हंताने नवी चप्पल घातली होती आणि ती चावत होती. पाठीवरच्या पिशवीत नेनीबेसाठी घेतलेलं रेशमी कापड होतं, शिवाय नावं लिहायला दोन जाड पेनं. हिरवी चादर बॅगेत मावली नव्हती. समीराने ती दोन्ही हातांवर आडवी घेतली होती, तान्हं मूल घेतात तशी. गुडघ्यावरच्या टाक्यांची खूण अजून लाल होती. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आंटी, मी मोजायला शिकले. दहापर्यंत." मोजून दाखवायला वेळ नव्हता.

तपासणीच्या रांगेत तिची पाळी आली. मी दोरीच्या अलीकडे उभी होते, सगळं ऐकू येत होतं. अधिकारी तरुण होता. त्याने सोनेरी झालरीकडे पाहून अरबीत विचारलं, "हे कोणासाठी?"

"आजीसाठी," समीरा अरबीतच म्हणाली.

"माशाल्ला. आजी कुठे असते?"

समीराने मागे वळून आईकडे पाहिलं. हंता एका पायावर उभी राहून चप्पल नीट करत होती, तिचं लक्षही नव्हतं.

"घरी," समीरा म्हणाली.

"यल्ला," तो म्हणाला, आणि त्याने दोघींना पुढे सोडलं.